झाकणाखालची साय

आधी मी तेलाच्या दुकानात गेले होते.
तिथल्या पोराने फळीवरचे डबे एकेक करून काढले,
झिरो डब्ल्यू वीस, पाच डब्ल्यू तीस, वीस डब्ल्यू चाळीस,
साड्या दाखवाव्यात तसे.
"फुल सिंथेटिक न्या मॅडम, डोळे झाकून."
डब्ल्यू म्हणजे काय रे? विंटर, म्हणाला.
कोपरखैरण्यात विंटर कुठल्या सेक्टरला येतो
ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

रबाळ्याला पाइपलाइनच्या कडेला मढवींचं गॅरेज.
त्यांनी डब्याचं नावच काढलं नाही.
बॉनेट उघडलं, पट्टी ओढली, पुसली, परत घातली,
परत काढली,
थेंब अंगठ्यावर घेऊन तर्जनीने उचलून पाहिला,
पाकाची तार बघावी तसा.
मग तेलाचं झाकण फिरवून उलटं धरलं माझ्यासमोर.
आत पिवळट पांढरी साय.

"गाडी किती चालते?"
एक लाख अकरा हजार.
"झाली किती ते नाही विचारत. चालते किती?"

घर ते वाशी. साडेतीन किलोमीटर.
चार तास उभी.
मग साडेतीन परत.
सोमवार, बुधवार, शनिवार.
"आणि एरवी?"
एरवी नाही.

"म्हणजे तापतच नाही.
इंजिन गरम व्हायच्या आत तुम्ही पोचता.
आतला दमटपणा आतच राहतो, तेलात उतरतो.
सोन्याच्या भावाचं तेल घाला, महिन्यात पुन्हा साय.
अंतर कमी पडतंय, ताई."

डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीचं पुस्तक होतं.
दहा डब्ल्यू तीस, असं छापलेलं,
त्याखाली ह्यांनी मारलेल्या दोन रेघा.
शेवटच्या कोऱ्या पानावर ह्यांचं बारीक अक्षर:
४०,१८०. तेल. गणपतीपुळ्याहून आल्यावर.
५०,०२०. तेल, फिल्टर. बेळगाव. नलू आंबोली घाटात झोपली.
झोपले नव्हते मी.
डोळे मिटले होते.
एक लाख आठ हजारांनंतर पान कोरं.

मढवींनी पुस्तक लांब धरून वाचलं.
"बरोबर आहे. पण हे छापलं तेव्हा इंजिन नवं होतं.
आता रिंगा झिजल्यात, थोडं दाट चालेल.
गाडी काढता किती वाजता?"
साडेपाचला. पहिली शिफ्ट सहाची असते.
कसली शिफ्ट ते त्यांनी विचारलं नाही.
"मग दहा डब्ल्यू चाळीस. पंधरा नको,
गारठलेल्या इंजिनाला सकाळी वर चढायला वेळ लागतो त्याला."

खालचा नट सुटला. काळं तेल आधी धारेने,
मग दोरीसारखं, मग थेंब थेंब.
अर्धा तास ते तसंच गळू दिलं.
"फिल्टरही बदलतो. वर्षातनं एकदा लागतोच."
आमच्याकडे आठवड्यातून तीनदा लागतो, मी म्हणून गेले.
"टॅक्सीला लावलीय का दुसरी?"
मी नाही म्हटलं.
ते गाडीखाली गेले, आणि बराच वेळ
फक्त पाना वाजत राहिला.

शनिवारी ह्यांना बाहेर आणलं तेव्हा
दंडावर पट्टी, तोंड सुकलेलं, नेहमीसारखं.
वाशीच्या वळणावर मी वळलेच नाही.
"चुकलीस," हे म्हणाले.
हो, म्हटलं.
पामबीचवर चौथा गिअर पडला.
कितीतरी महिन्यांनी पडला.
सानपाड्यापाशी काटा हलला, नेरूळला मधोमध आला
आणि तिथेच थांबला.
खाडीचा वास आत येत होता, काच लावा म्हटलं नाही.

"कुठलं घातलंस?"
दहा डब्ल्यू चाळीस.
सीवूड्सचा सिग्नल गेला, पुढचाही गेला.
"पुस्तकात तीस आहे."
आहे, म्हटलं. मढवी म्हणाले चाळीस.
ह्यांनी एकदा इंजिनाकडे कान दिला
आणि डोळे मिटले.

घरी गेल्यावर पेन शोधायचंय.
१,११,०४६. तेल, फिल्टर. किल्ला जंक्शनपर्यंत.
हे पामबीचला झोपले.